फोन दादाच्या खिशात, धडा मात्र ‘सर्वांसाठी’

‘सर्वांसाठी’ हा शब्द कानावर आला की आपण बायकांनी सावध व्हायला हवं. त्या ‘सर्वां’मध्ये आपण आहोत की नाही, हे दरवेळी आपल्याला भांडूनच ठरवून घ्यावं लागलं आहे. आता शिक्षणाच्या क्षेत्रात एक नवा ‘सर्वांसाठी’ आला आहे. ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ असं त्याचं लांबलचक नाव आहे. मराठीत म्हणायचं तर शिकण्याची सार्वत्रिक रचना. शिक्षिकांच्या प्रशिक्षणात ही कल्पना शिकवली जाते आणि तिच्यासाठीचं साहित्य इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे असं सांगितलं जातं.

आधी कल्पना समजून घेऊ, कारण ती खरोखर चांगली आहे. रॉन मेस हे अमेरिकेतले वास्तुशिल्पकार. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाची खुर्ची वापरत. इमारत बांधून झाल्यावर अपंगांसाठी मागच्या दाराने सोय करण्यापेक्षा पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येईल अशी ती बांधावी, असा त्यांचा आग्रह होता. दारात उतार केला की चाकाची खुर्ची चढते, म्हातारी आजी चढते, कडेवर मूल घेतलेली बाईही चढते. हाच विचार ‘कास्ट’ या १९८४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेने शिकवण्याला लावला. तिची मार्गदर्शक सूत्रं पहिल्यांदा २००८ मध्ये आली आणि तिसरी सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये. थोडक्यात सांगायचं तर धडा एकाच वाटेने नेऊ नका. तो वाचता यावा, ऐकता यावा, बघता यावा, हाताळता यावा. मुलांना उत्तर लिहून, बोलून, चित्र काढून, करून दाखवून देता यावं. शिकावंसं वाटण्याची कारणं प्रत्येकाची वेगळी असतात, त्यांनाही जागा असावी. दोष मुलात शोधू नका, धड्यात शोधा.

यात आपल्याला परकं असं काय आहे? साक्षरतेच्या रात्रवर्गांत, गावोगावच्या शिबिरांत आपण दुसरं काय केलं? पाटी-पेन्सिल हाती न धरलेल्या बाईला आपण ‘मंद’ म्हटलं नाही. पोस्टर लावली, गाणी म्हटली, जात्यावरच्या ओव्यांत नवे शब्द घातले. १९८३ मध्ये ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आलं, तेव्हा ते समजायला अक्षरओळख लागली नाही. हे सगळं आपण गरजेपोटी केलं, त्याला नाव दिलं नाही, एवढंच.

मग तक्रार कशाची? ही चांगली कल्पना इंटरनेटवर चढवताना तिची पहिली पायरीच गाळली गेली, ही तक्रार. सरकारने २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा मंच सुरू केला. पाठ्यपुस्तकांचं भारतीय सांकेतिक भाषेत रूपांतर करण्यासाठी २०२० मध्ये एनसीईआरटी आणि भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यात करार झाला. अपंग मुलांसाठी डिजिटल साहित्य कसं असावं याची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने काढली. हे झालं ते चांगलंच झालं. पण हे सगळं उघडतं ते फोनवर, आणि घरात फोन कोणाच्या खिशात असतो हे आपल्याला ठाऊक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ज्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं आहे असे पुरुष सुमारे ५७ टक्के, तर स्त्रिया फक्त ३३ टक्के निघाल्या. २०११ च्या जनगणनेत अपंग पुरुषांपैकी ६२ टक्के साक्षर होते आणि अपंग स्त्रियांपैकी ४५ टक्के. ही दोन्ही कुलुपं एकाच दाराला आहेत. जी मुलगीही आहे आणि अपंगही, तिची फोनसाठीची पाळी दादाचा क्लास, बाबांचं काम आणि धाकट्याचं कार्टून झाल्यावर येते. तोवर बॅटरी तरी संपते, नाहीतर डेटा.

समजा, फोन मिळाला. या पद्धतीवरचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, थोडं हिंदीत, मराठीत फारच कमी. मराठीत जे मिळतं त्यातलंही कितीतरी नुसतं स्कॅन केलेलं असतं, म्हणजे पानांचे फोटो. काही मजकूर युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला पानाच्या फोटोत अक्षर सापडत नाही आणि जुन्या फाँटमधून ते निरर्थक आवाज काढतं. व्हिडिओत बाई फळ्याकडे बोट करून म्हणतात, ‘हे इथून इथे गेलं.’ न दिसणाऱ्या मुलीने ‘हे’ म्हणजे काय समजायचं? खाली शब्द उमटत नसतील, तर ऐकू न येणाऱ्या मुलीने काय करायचं?

इथेच आपला खरा मुद्दा येतो. साहित्य अपुरं असूनही ती मुलगी शिकते ना? शिकते. कशी? आई शेजारी बसते म्हणून. व्हिडिओत काय चाललंय ते आई सांगते. पानांचे फोटो आई वाचून दाखवते. आई निरक्षर असेल तर मोठी बहीण स्वतःचा अभ्यास सोडून बसते. शाळेत हेच काम बाई करतात, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डेटा खर्चून. जिथे रचना अपुरी पडते तिथे बाई पुरी पडते. आणि ती पुरी पडते म्हणूनच रचना सुधारायची कोणाला घाई नाही.

‘आईची माया आहे ती, तिचा कसला हिशोब मांडता?’ असं आपल्याला सांगितलं जाईल. हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. घरकामाचा हिशोब मागितला तेव्हाही हेच मिळालं होतं. मायेबद्दल वाद नाही. पण ज्याने साहित्य बनवलं त्याचं अर्धं राहिलेलं काम आई फुकट पुरं करते आणि साहित्यावर ‘सर्वांसाठी’ असा शिक्का मात्र त्याचा बसतो, याबद्दल वाद आहे. अशा आईचा रोजगार बुडतो, बहिणीची शाळा सुटते, आणि यातलं काहीच कुठल्या अहवालात येत नाही.

कोणी उपकार करावेत अशी आपली मागणी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सार्वत्रिक रचनेची व्याख्या त्यात आहे आणि माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ही लढाई कोर्टात नेणाऱ्यांत प्रज्ञा प्रसून होत्या. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाईला बँकेच्या ओळखपडताळणीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगण्यात आलं होतं, आणि हल्ल्यानंतर ते त्यांना शक्यच नव्हतं. हिंसा पुरुषाने केली आणि पुढे दार यंत्राने बंद केलं. हा प्रश्न स्त्रीचळवळीचा नाही, असं आता कोणी म्हणू नये.

मागण्या साध्या आहेत. सरकारी पैशातून तयार होणारं प्रत्येक मराठी डिजिटल साहित्य युनिकोडमध्ये असावं, व्हिडिओखाली शब्द असावेत, चित्रांचं वर्णन असावं, सांकेतिक भाषा असावी. ते फोनशिवायही मिळावं: छापील, ब्रेलमध्ये, शाळेतल्या संगणकावर, शाळेच्या वेळात. प्रसिद्ध करण्याआधी ते अपंग मुलींना वापरायला देऊन तपासलं जावं आणि त्या कामाचे पैसे त्यांना मिळावेत. शिक्षिकांना यासाठी वेळ आणि डेटाचा खर्च मिळावा.

आणि मैत्रिणींनो, बोट स्वतःकडेही वळवू या. आपली शिबिरं दुसऱ्या मजल्यावर होतात. आपली पत्रकं आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो. न दिसणारी मैत्रीण ती कशी वाचते, हे आपण कधी विचारलं? तिलाही तिची आईच वाचून दाखवत असणार. पुढचं पत्रक काढताना सोबत टाइप केलेला मजकूर टाकू या. त्याला पैसा लागत नाही. ती माऊली तेवढा वेळ तरी टेकेल.