घर कोणाचे, गहाण कोण ठेवणार?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने विचारले आहे : “शौहर वारले. घर त्यांच्या नावावर आहे. मुलगा कुवेतला, दोन मुली सासरी. घरावर रिव्हर्स मॉर्टगेज घेतले तर दरमहा पैसे मिळतील, असे बँकेत सांगितले. सही करू का?”

आधी कागदावरचे शब्द पाहू.

गहाण म्हणजे विक्री नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८ प्रमाणे कर्जाच्या तारणासाठी विशिष्ट स्थावर मालमत्तेतील हितसंबंध देणे, एवढाच त्याचा अर्थ. या उलट्या गहाणात हप्ता तुम्ही भरत नाही, बँक तुम्हाला देते. म्हणून कर्ज फिटत नाही, वाढते. दरमहा १०,००० रुपये १५ वर्षे घेतले तर हातात १८ लाख येतात. १० टक्के दराने मासिक चक्रवाढ धरली तर देणे ४१ लाखांवर जाते. व्याजाचा शरई प्रश्न आपल्या आलिमांना विचारावा. मी फक्त हिशेब दाखवला.

राष्ट्रीय आवास बँकेच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्जदार ६० वर्षांवरील हवा आणि घर स्वतः मिळवलेले, स्वतःच्या मालकीचे, स्वतः राहते व बोजा नसलेले हवे. तुमची अडचण इथेच आहे. मरहूम पतींचे घर तुमचे एकटीचे नाही. कर्ज व वसियत भागवून जे उरते त्यात, मुलेबाळे असताना, बेवेचा हिस्सा एक अष्टमांश. बाकीचे मुलाचे, मुलींचे. सासू-सासरे हयात असतील तर त्यांचेही. घरपट्टीला तुमचे नाव लागले म्हणून हे बदलत नाही. (मुलींचा हिस्सा विसरण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे.) सर्वांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले, तरी असे घर ‘स्वतः मिळवलेले’ धरणार का, हे बँकेकडून लेखी घ्या.

दुसरा शब्द ‘कायमचे निघून जाणे’. कर्जदार सलग एक वर्ष घरात राहिला नाही तर तो कायमचा गेला असे साधारणपणे मानतात आणि कर्ज परतफेडीला येते. नातवंडांसाठी कुवेतला गेलात आणि मुक्काम लांबला, तर कुलूप लावलेले घरच अडचणीत येईल.

कर्जदारानंतर वारसांना पैसे भरून घर सोडवण्याची पहिली संधी असते. न सोडवल्यास घर विकले जाते. उरलेली रक्कम वारसांची, आणि कमी पडली तर बँक वारसांच्या मागे लागू शकत नाही. सही झाल्यावर विचार बदलला तर करार रद्द करायला तीनच दिवस मिळतात.

तेव्हा भगिनी, आज सही करू नका. आधी वारसांची यादी करा, मुलींना घरी बोलवा, कुवेतला फोन लावा.