पाणपोई आणि पाट

दुसऱ्याच्या तहानेविषयीं बोलतांना आमच्या लोकांस विलक्षण औदार्य सुचतें, आणि बहुधा तें बोलण्यांतच संपतें. आफ्रिकेंतील एखाद्या खेड्यांत विहीर खोदण्यासाठीं किंवा तेथल्या रोग्यांस औषध पोहोंचविण्यासाठीं कोणी वर्गणी मागूं लागला, कीं दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. पहिला म्हणतो, "घरचे लोक तहानलेले असतां परदेशीं दान कशाला?" दुसरा म्हणतो, "आम्हीं पैसे दिले. आमचें कर्तव्य झालें." आमच्या मतें हे दोन्ही पक्ष सारखेच चुकतात, आणि ती चूक नसरापुरासारख्या गांवीं उभें राहून जितकी स्पष्ट दिसते तितकी शहरांतल्या सभागृहांत दिसत नाहीं.

पहिल्या पक्षाचा समाचार प्रथम घेऊं. परदेशीं दान करणें ज्यांस विपरीत वाटतें, त्यांनीं नसरापूरचाच इतिहास आठवावा. १८९३ सालीं निघालेल्या 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' या संस्थेचें ठाणें याच गांवीं होतें. तिचे पहिले कार्यकर्ते ऑस्ट्रेलियांतून आले व त्यांच्या पाठीशीं तिकडच्या देणगीदारांचा पैसा होता. त्यांचा धर्मप्रसाराचा हेतु कोणास रुचो वा न रुचो. परंतु "अगोदर घरचें पाहा" असें म्हणण्याची सोय त्या देणगीदारांसहि होतीच. आज जें स्थान आमच्या मनांत आफ्रिकेचें आहे, तेंच एके काळीं परक्यांच्या मनांत आमचें होतें.

शिवाय घरचें व परकें ही वांटणी आम्ही समजतों तितकी सरळ नाहीं. आमच्या खेड्यांतील जुने ओतीव लोखंडाचे पंप शेंकडों हातांखालीं वरचेवर मोडत, म्हणून जालना व सोलापूर येथील मिशनांच्या आश्रयानें काम करणाऱ्यांनीं दणकट पोलादी पंप घडविले. त्यांवरूनच पुढें १९७० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या साहाय्यानें 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप तयार झाला, आणि तो आफ्रिकेंतल्या अनेक देशांत गेला. तेथील बाई ज्या दांड्यावर भार घालते, त्याचें कूळ सोलापुराकडे निघतें! आणि खरें सांगावयाचें तर, ज्यानें घरच्यांसाठीं कांहीं केलें आहे तो मनुष्य 'घरचे अगोदर' ही सबब सहसा सांगत नाहीं. ती सांगतो तो दोहींकडे हात आंखडणारा.

आतां दुसरा पक्ष. याचा हात सैल आहे, पण नजर आंखूड आहे. विहीर खणावी, पाटीवर नांव कोरावें, छायाचित्र घ्यावें आणि परतावें, एवढ्यांत याचें पुण्य पुरें होतें. परिणाम काय? २००९ च्या सुमाराच्या एका अंदाजाप्रमाणें सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंतले सुमारें एकतृतीयांश हातपंप बंद पडलेले होते. पंप बसविण्यास दाता मिळतो; झिजलेला वायसर बदलण्यास मिळत नाहीं. वायसरावर नांव कोरतां येत नाहीं ना!

मग परोपकार व्यर्थ काय? मुळींच नाहीं. नारूचें उदाहरण घ्या. या रोगावर लस नाहीं व त्यास मारणारें औषधहि नाहीं. पाण्यांतल्या सूक्ष्म पिसवांवाटे तो पोटांत जातो, सुमारें वर्षानें पायांतून बाहेर पडतो, आणि रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरला कीं तेंच पाणी पुन्हां दूषित करतो. उपाय इतकाच, कीं पाणी फडक्यानें गाळावें, रोग्यास पाण्यांत उतरूं देऊं नये, पायविहिरी बंद करून त्यांस काठ बांधावे, आणि गांवोगांव फिरून एकेक रोगी शोधावा. हें काम नेटानें झालें म्हणून १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं. १९८६ सालीं आफ्रिका व आशिया मिळून सुमारें ३५ लाख लोकांस नारू होत असे; २०२४ सालीं जगांत अवघे १५ रोगी नोंदले गेले. येथें परदेशचा पैसाहि होता. परंतु यश आलें तें गांवच्याच माणसांनीं वर्षानुवर्षें पहारा केला म्हणून.

हाच निकष घरीं लावूं. नसरापुराहून पश्चिमेस वळलें कीं राजगड-तोरण्याचा मुलूख लागतो. पाऊस येथें धो धो पडतो. भोर तालुक्यांत १९२८ सालीं पुरें झालेलें भाटघरचें धरण २३ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी सांठवितें, आणि तें नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातें. वेल्ह्यांतलीं पानशेत व वरसगांव हीं धरणें पुण्याची तहान भागवितात. आणि याच दोन तालुक्यांच्या डोंगरवाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहिली जाते! तेथें कोणी सज्जन टँकर पाठवितो; त्याचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या, त्यांसच पाण्याचें दान घ्यावें लागावें, यांत लाज कोणाची?

कोणी म्हणतील, धरण खालीं आणि वाड्या वर; पाणी उपसणें खर्चाचें. ठीक. परंतु शंभर मैलांच्या आसपासचे कालवे खोदतांना हा खर्च आड आला नाहीं, तो चार मैल चढावरच कां आठवावा? २०१९ च्या जलजीवन योजनेनें दरमाणशीं दररोज ५५ लिटर पाण्याचें मान ठरविलें आहे. पण उगमच वैशाखांत आटला तर नळ ही केवळ भिंतीची शोभा.

पाणी हा दानाचा विषय नसून हक्काचा आहे, हें महाराष्ट्रास नव्यानें सांगावें लागूं नये. १८६८ सालीं जोतीरावांनीं घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तें औदार्य थोरच. परंतु १९२७ सालीं महाडास बाबासाहेबांनीं चवदार तळ्याची ओंजळ घेतली, ती कोणाच्या औदार्याची वाट न पाहतां. पहिल्या कृतीची सांगता दुसरींत होते.

म्हणून आमचें दात्यांस सांगणें इतकेंच: आफ्रिकेस अवश्य द्या, वेल्ह्यासहि द्या, पण देतांना तीन प्रश्न विचारा. हें मोडलें तर दुरुस्त कोण करणार? येथलें पाणी गेलें कोठें? आणि पुढील वर्षींहि हें दान लागेल काय? तिसऱ्याचें उत्तर 'होय' असेल, तर देणगीबरोबर एक अर्जहि लिहा, सरकारास जाब विचारणारा. पाणपोई वाटसरूसाठीं असते. जो गांवांत राहतो, त्यास पाट पाहिजे.