पत्रक छापण्याआधी वाचून दाखवा

आपल्या चळवळीत पत्रकांना तोटा नाही. १४ एप्रिल असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की ६ डिसेंबर, ढिगाने पत्रके वाटली जातात. त्यातली अभिवादनाची आणि सभेची सोडून द्या. प्रश्न आहे तो ‘अत्याचार झाल्यास काय कराल?’ अशा मथळ्याच्या पत्रकांचा. ती घरात जपून ठेवली जातात आणि प्रसंग आला की त्यांच्याच भरवशावर माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढतो. ती लिहितो कोण? आम्ही वकील आणि शिकलेले कार्यकर्ते. तपासतो कोण? आम्हीच. ज्या बाईला ते हातात घेऊन रात्री ठाण्यात जायचे आहे, तिला ते छापून झाल्यावरच दिसते.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या पत्रकात एक ओळ हमखास ठळक अक्षरात असते: ‘एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.’ कायद्याने अगदी बरोबर. अशा एका पत्रकाचा मसुदा छापखान्यात देण्याआधी आम्ही एका वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत वाचायला ठेवला. ही ओळ आली तशा एक मावशी उठल्या, घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हा तर आम्हाला कधीच मिळालाय की.” तो कागद एनसीचा होता. अदखलपात्र म्हणून झालेली नोंद. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपासदेखील करू शकत नाहीत, आणि मावशी समजत होत्या की आपली केस चालू आहे. दहा वकील बसवले असते तरी हा मुद्दा निघाला नसता, कारण वकिलाला हे दोन कागद लांबूनच वेगळे दिसतात. पत्रकात मग ओळी वाढल्या. कागदावर ‘प्रथम खबर’ असे छापले आहे का आणि अ‍ॅट्रॉसिटीचे कलम लावले आहे का ते पाहा. ‘अदखलपात्र’ किंवा ‘एनसी’ लिहिले असेल तर तपास सुरू झालेला नाही; पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा.

तीच गत जातीच्या दाखल्याची. ‘सोबत न्यावयाची कागदपत्रे’ या यादीत तो पहिला असतो. लिहिणाऱ्याच्या मनात असते, असेल तर न्यावा. वाचणारा समजतो, नसेल तर जायचेच नाही. तहसीलच्या खेपांत आठ-पंधरा दिवस जातात आणि ‘फिर्यादीला उशीर का झाला?’ हा आरोपीच्या वकिलाचा सवाल तयारच असतो. वास्तविक एफआयआर नोंदवायला दाखला हवाच अशी अट कायद्यात नाही. २०१८ साली आलेले कलम १८-अ तर एफआयआरआधी प्राथमिक चौकशीचीही गरज नाही असे सांगते. म्हणजे जी अट कायद्याने घातली नाही, ती आपल्याच पत्रकाने घातली!

यावर आपलेच काही विद्वान म्हणतात, लोकांना कायद्यातले काय कळते? अशांनी याच कायद्याचे कलम ४ काढून पाहावे. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी, ती देणाऱ्याला वाचून दाखवणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य तिथे लिहून ठेवले आहे, आणि जाणूनबुजून कसूर केल्यास शिक्षाही. ठाणे अंमलदाराकडून आपण जे मागतो ते स्वतःच्या पत्रकाला का लावत नाही? बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा तयार केला, तो फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांपुढे ठेवला गेला, आलेल्या सूचनांचा विचार झाला आणि त्यानंतर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी तो घटना समितीत मांडला. आपले चार पानांचे पत्रक त्याहून मोठे नाही.

मात्र वाचून घेणे म्हणजे शाखेचे अध्यक्ष आणि निवृत्त गुरुजी यांना दाखवणे नव्हे. ते शुद्धलेखन सुधारून देतील. धुणीभांडी करणारी, शेतमजुरीला जाणारी बाई आणि दहावीनंतर शाळा सुटलेला पोरगा बसला पाहिजे. तोही संध्याकाळी, मजुरी न बुडवता. त्यांना ‘समजले का?’ असे विचारू नये. समोर वकील बसल्यावर सगळेच हो म्हणतात. पत्रक वाचून झाले की विचारावे, ‘आता तुमच्या घरावर असा प्रसंग आला तर आधी कुठे जाल, काय मागाल?’ उत्तर जिथे अडखळते तिथे पत्रक अडखळते आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्याने मोठ्याने वाचावे, लिहिणाऱ्याने नव्हे. त्याला आपली वाक्ये पाठ असतात.

कलमे बैठकीत मताला टाकायची नसतात. कायदा बरोबर आहे की नाही हे वकिलाने पाहायचे, आणि तो जबाबदारीने पाहायचा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, एफआयआरचे कलम १५४ जाऊन १७३ आले. जुना गठ्ठा शिल्लक आहे म्हणून तोच वाटणे बंद झाले पाहिजे. पण पानावर आधी काय यावे, हे ठरवण्याचा हक्क वाचणाऱ्याचा. आमच्या बैठकीत बायकांचा पहिला सवाल ‘ठाण्यात सोबत कोणाला नेता येते?’ हा होता. कलम १५-अ नुसार सामाजिक कार्यकर्त्याची वा वकिलाची मदत घेता येते, ही ओळ मसुद्यात शेवटच्या पानावर होती. ती पहिल्या पानावर आली. त्यासाठी जागा करायला निवेदकांचे फोटो काढावे लागले, त्यावरून थोडी कुरकुर झाली.

पुढच्या जयंतीला ज्या शाखा असे पत्रक काढणार आहेत, त्यांनी मसुदा फेब्रुवारीतच लिहून काढावा आणि दोन वस्त्यांत, दोन वेगळ्या संध्याकाळी वाचून घ्यावा. झेरॉक्सच्या वीस प्रती पुरतात.