मुंबईहून मालवणला : परतीच्या वाटेचा हिशेब

मुंबईतील घर विकून मालवण किंवा वेंगुर्ल्यासारख्या समुद्रकाठच्या गावी स्थायिक व्हावे, असे अनेक निवृत्त कुटुंबांच्या मनात असते. ही ओढ समजण्यासारखी आहे. मात्र ते गाव आज कोणत्या अवस्थेत आहे, याची चर्चा अभावानेच होते.

गिरण्यांच्या काळापासून घरटी एक पुरुष मुंबईस आणि गावी त्याची मनीऑर्डर, हा कोकणातील संसाराचा पाया होता. 1982च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या, तरी मुंबईकडचा ओघ थांबला नाही. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. सिंधुदुर्गाची मात्र 8,68,825 वरून 8,49,651 वर उतरली. 2011मध्ये तेथे हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. हे स्त्रीसन्मानाचे लक्षण मानण्याची घाई कोणी करू नये. कमावता पुरुष घराबाहेर आहे, हाच त्याचा मुख्य अर्थ. आपल्या गडचांदूरच्या परिसरात चुनखडीमुळे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि दूरदूरची माणसे कामासाठी येथे आली. कोकणात परतणारा बहुधा नोकरी संपल्यावरच परततो.

आणि उतारवयात प्रथम लागते ते रुग्णालय. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णाला वर्षानुवर्षे गोव्यातील बांबोळीचा आधार होता. 2018च्या आरंभी तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा हा आधार परराज्याचा असल्याची जाणीव सर्वांना झाली. त्यानंतर ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

दुसरी अडचण जमिनीची. वडिलोपार्जित घराच्या सातबाऱ्यावर आजोबा, चुलते, त्यांची मुले अशी नावांची रांग असते आणि वाटणी झालेली नसते. मुंबईतील सर्व भावंडांच्या सह्या मिळविता मिळविता परतणाऱ्याची उमेद संपते. नवी शेतजमीन घ्यावी, तर कुळकायद्याप्रमाणे खरेदीदार सामान्यतः शेतकरी असावा लागतो. गावातील सातबाऱ्यावर आपले नाव वेळीच लावून घेणारा चाकरमानी येथे शहाणा ठरतो.

नात्यांचेही एक सत्य आहे. 2020च्या टाळेबंदीत मुंबईकर गावी निघाले, तेव्हा काही वेशींवर त्यांचे स्वागत झाले नाही. गणपतीला येणारा पाहुणा आणि कायमचा राहणारा शेजारी यांत गाव फरक करते. त्यात गावाचा सगळाच दोष आहे, असे आम्हांस वाटत नाही. त्यावेळी भीतीही खरी होती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील खाटाही मोजक्याच होत्या.

यास्तव मुंबईचे घर विकण्याआधी एक पावसाळा आणि एक मे महिना तेथे भाड्याने काढावा. 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भूमीत जांभ्या दगडातून पाणी निसटून जाते आणि उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात.