या वयात?

"डॉक्टर, बाबांचं डोकं जरा तपासा." वडिलांना बाकावर बसवून मुलगा आत येऊन हळूच म्हणाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील सत्तावन्न वर्षांचे, पत्नीला जाऊन सहा वर्षे झालेली. रक्तदाब ठीक, साखर ठीक. तक्रार एवढीच, की वाचनालयात येणाऱ्या एका विधवा शिक्षिकेबरोबर ते रोज चहा घेतात आणि आता लग्नाचे बोलू लागले आहेत.

मीही हसून म्हणालो, "अहो अण्णा, या वयात?"

अण्णांनी मान खाली घातली. दोन महिन्यांनी ते एकटेच आले. झोप येत नाही, जेवण जात नाही. वाचनालय घरच्यांनी बंद केले होते. मी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

ही गोष्ट आठवली ती अलेक्सेई आर्बुझोव या रशियन नाटककाराचे १९७५ सालचे एक नाटक इंग्रजीतून वाचताना. पात्रे दोनच. काळ १९६८, स्थळ रीगा शहराजवळचे आरोग्यधाम. तेव्हा ते सोव्हिएत संघात होते, आज लाटव्हियात आहे. तिथले मुख्य डॉक्टर साठी ओलांडलेले, शिस्तीचे, तुटक बोलणारे. लीदिया नावाची साठीकडे झुकलेली बाई उपचारासाठी येते. ही सर्कशीत तिकिटे विकणारी. नियम पाळत नाही, इतरांची झोपमोड करते, म्हणून डॉक्टर तिला बोलावून झापतात. तीही त्यांना सोडत नाही! हळूहळू कळते, की तिचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात गेला. डॉक्टरांची पत्नीही त्याच युद्धात मारली गेली आणि तिची कबर तिथेच असल्याने हा माणूस ते गाव सोडत नाही. भांडता भांडता दोघांना एकमेकांवाचून करमेनासे होते.

१९७६ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने लंडनमध्ये हे नाटक केले तेव्हा पेगी ॲशक्रॉफ्ट आणि अँथनी क्वेल यांनी भूमिका केल्या होत्या. पण दोन नट, एखादा बाक आणि टेबल एवढ्यावर आपल्याकडची हौशी मंडळीही ते उभे करू शकतील. त्यांनी ते जरूर करावे.

मला त्यातला डॉक्टर बोचला. केसपेपर तिचा काढतो आणि आजारी असतो तो स्वतः. एकटेपणाला आम्ही डॉक्टर मंडळी आजार मानतच नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या प्रश्नासाठी आयोग नेमला आणि एकटेपणाने हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य यांचा धोका वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. सोबत मिळाली म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये, हे मात्र सांगून ठेवतो.

मुलांची भीती मला कळते. घर कुणाच्या नावावर, निवृत्तिवेतनाचे काय, लोक काय म्हणतील? पहिल्या दोन प्रश्नांना वकील आहे, कागद आहे. तिसऱ्यासाठी मात्र बापाला दवाखान्यात आणू नका.

अण्णा या सोमवारी यायचे आहेत. गोळ्या कमी करायच्या आहेत. मुलालाही सोबत बोलावले आहे. आधी अण्णांची माफी मागायची आहे, तीही मुलासमोर.