टॉनी यांच्या निकालाला न्यायालयाच्याच दप्तराचे उत्तर

अमेरिकेतील ड्रेड स्कॉट खटला आपल्याकडे एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. एका गुलामाने स्वातंत्र्य मागितले, सर्वोच्च न्यायालयाने नाकारले, एवढेच. परंतु सेंट लुईस शहरातील न्यायालयाच्या जुन्या दप्तरावर अलीकडच्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्याने हे चित्र बदलले आहे.

या दप्तरात १८१४ ते १८६० या काळातील सुमारे ३०० स्वातंत्र्याचे दावे सापडले. मिसुरी राज्यात गुलामाला स्वातंत्र्यासाठी दावा लावता येत असे. १८२४ मध्ये विनी नावाच्या स्त्रीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, गुलामगिरी नसलेल्या प्रदेशात मालकाने राहायला नेलेली व्यक्ती मुक्त होते आणि परत आणल्याने ती पुन्हा गुलाम ठरत नाही. या आधारावर अनेकांनी दावे जिंकले.

६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांनी दावे लावले. दोघांचे, वेगवेगळे. मुलांचा दर्जा आईवरून ठरे, म्हणून त्यांच्या दोन मुलींचे भवितव्य हॅरिएट यांच्या दाव्याला बांधलेले होते. पण पुढे तो पतीच्या दाव्यात सामील झाला आणि त्यांचे नाव मागे पडले. ली वँडरवेल्ड यांनी २००९ मध्ये हॅरिएट यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ते पुढे आणले.

१८५० मध्ये ज्युरीने स्कॉट यांच्या बाजूने कौल दिला. १८५२ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलीच जुनी भूमिका सोडून तो फिरवला. ६ मार्च १८५७ रोजी अमेरिकेचे सरन्यायाधीश टॉनी यांनी कळस केला. आफ्रिकी वंशाचे लोक नागरिक होऊच शकत नाहीत आणि राज्यघटना लिहिली गेली तेव्हा गोऱ्यांनी मानावा असा कोणताही हक्क त्यांना नव्हता, असे त्यांनी सांगितले. न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात दाखवून दिले की, तेव्हा पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय मतदान करत होते.

आमच्या मते या संशोधनाचे खरे मोल इथे आहे. टॉनी ज्यांना हक्कहीन म्हणत होते, ती माणसे कित्येक दशके न्यायालयात उभी राहून हक्क मागत होती आणि मिळवतही होती. इतिहासाच्या नावाने खोटे सांगितले गेले. त्याला उत्तर न्यायालयाच्याच कागदांत होते.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने हा निकाल मोडीत काढला. त्यातील ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे तत्त्व आज आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये आहे. म्हणजे हॅरिएट आणि विनी आपल्याला परक्या नाहीत.

चवदार तळ्याचा दावाही १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. सनातन्यांना आपली रूढी पुरातन असल्याचे सिद्ध करता आले नाही. ‘पूर्वापार असेच होते’ असे कोणी म्हणाले की आपल्या तरुणांनी पहिला प्रश्न विचारावा: कागद कुठे आहे? आणि गावोगावच्या आपल्या लढ्यांचे अर्ज, समन्स, निकाल वाळवी लागण्याआधी जपून ठेवावेत.