हवाईसुंदरी, मातृभाषा आणि आपले मराठी विभाग

मराठी घेऊन बी. ए. करणारी मुलगी विमानातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करते आहे असे कळले, की प्राध्यापकांच्या खोलीत एक विशिष्ट स्मित पसरते. वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल. 'शेवटी ट्रेच उचलायचे ना, त्याला पदवी कशाला हवी?' हे वाक्य त्या स्मिताच्या पाठोपाठ येते. ग्रामीण, दलित आणि स्त्रीवादी साहित्यावर चर्चासत्रे भरवणारी, श्रमाच्या सौंदर्यशास्त्रावर निबंध वाचणारी ही माणसे. प्रत्यक्षातला श्रम इस्त्रीचा गणवेश घालून समोर उभा राहिला की मात्र त्यांना तो बाजारू वाटू लागतो. आमचा आक्षेप या स्मितालाच आहे. ज्या तयारीची एवढी टवाळी होते ती तयारी प्रामुख्याने भाषेची आहे, आणि ती आपल्याच वर्गात व्हायला हवी, असे आमचे म्हणणे आहे. आपण ती नाकारली म्हणून ती बाजारात गेली. तिथे ती महाग विकली जाते आणि वाईट शिकवली जाते.

आधी शब्दाचे पाहू. तो तरी निर्विवादपणे आपला प्रांत आहे. इंग्रजी 'एअर होस्टेस'मध्ये निदान एक यजमानीण आहे, तिच्या हाताला काही काम आहे. मराठीने तिची 'हवाईसुंदरी' केली आणि ते कामच काढून घेतले. मागे उरली ती हवा आणि सुंदरता. या शब्दाला पुल्लिंगी रूप नाही. तेच काम करणाऱ्या पुरुषाला काय म्हणायचे, हा प्रश्न मराठीला पडलेलाच नाही. वस्तुतः १५ मे १९३० रोजी अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढलेली पहिली स्त्री-कर्मचारी एलन चर्च ही नोंदणीकृत परिचारिका होती. तिला खरे तर वैमानिक व्हायचे होते. ते दार बंद असल्याने तिने कंपनीला पटवले, की उड्डाणाला घाबरणाऱ्या प्रवाशांसाठी विमानात परिचारिका असाव्यात. या व्यवसायाच्या मुळाशी शुश्रूषा आहे, आणि आपण तिला सौंदर्यस्पर्धेचे नाव देऊन बसलो आहोत.

आजही या कामाची व्याख्या सुरक्षेची आहे. १८० आसनांच्या एअरबस ए-३२० मध्ये किमान ४ कर्मचारी लागतात ते चहा वाटायला वेळ पुरावा म्हणून नव्हे. ४४ पेक्षा अधिक आसनांच्या प्रवासी विमानाच्या नमुन्याला मान्यता मिळवायची, तर निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सगळे विमान रिकामे करता येते हे सिद्ध करावे लागते. ते रिकामे करवून घेणारी माणसे म्हणजे हे कर्मचारी. दुबईची एमिरेट्स कंपनी उमेदवाराला चवड्यांवर उभे करून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचतो का ते पाहते. का? तर डोक्यावरच्या कप्प्यांत आणीबाणीची साधने असतात. मापले जाते ते काय, हे एकदा नीट पाहावे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर पॅन ॲमच्या अपहृत विमानातून प्रवाशांना बाहेर काढताना नीरजा भनोट मारली गेली, तेव्हा तिला तेविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. 'ट्रे उचलणारी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

आता क्लासांविषयी. जिल्ह्याच्या गावांतसुद्धा आता 'एव्हिएशन ॲकॅडमी'चे फलक दिसतात. फी लाखाच्या घरात, आणि ती भरायला घरातले सोने गहाण पडते. या मुलींना कोणी सांगत नाही, की क्लासचे प्रमाणपत्र कायद्याने लागत नाही. बारावी उत्तीर्ण, वयाची १८ वर्षे पूर्ण आणि वैद्यकीय तपासणीत पात्र, एवढ्यावर दार उघडते. उंची, गोंदण वगैरे अटी त्या त्या कंपनीच्या असतात आणि त्या जाहिरातीत वाचता येतात. आग कशी विझवायची, दार कधी उघडायचे, विमान पाण्यावर उतरले तर काय करायचे, प्रथमोपचार कोणते, हे सर्व निवड झाल्यावर विमानकंपनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या प्रशिक्षणात शिकवते. मग क्लास काय विकतो? केस कसे बांधावेत आणि लिपस्टिक कोणत्या छटेची लावावी हे सोडले, तर तो भाषा विकतो. स्वतःविषयी दोन मिनिटे बोलणे, गटचर्चेत दुसऱ्याचे ऐकून घेऊन आपला मुद्दा मांडणे, छापील उद्घोषणा नीट वाचून दाखवणे, अडचणीच्या प्रसंगाविषयी विचारले तर तो प्रसंग सांगणे. संभाषण, वाचन, निवेदन. आपल्या अभ्यासक्रमपत्रिकेत हेच शब्द छापलेले आहेत.

आणि तो काय प्रतीचा माल विकतो? आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीने क्लासने लिहून दिलेले 'आत्मपरिचया'चे पान आम्हांला दाखवले. ती कष्टाळू आहे, ती आशावादी आहे, तिला माणसांत मिसळायला आवडते, तिला लहानपणापासून आकाशाचे आकर्षण आहे. तेच पान तिच्या पाच मैत्रिणींकडे होते. फक्त नाव आणि गाव बदललेले. (आकाशाचे आकर्षण सहाही जणींना लहानपणापासूनच.) वास्तविक या मुलीच्या घरची एस. टी. स्टँडसमोर खानावळ आहे. नववीपासून ती गल्ल्यावर बसते. पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला आवाज न चढवता बाहेर कसे न्यायचे, पंगत भरलेली असताना उपाशी म्हातारीला कुठे बसवायचे, भाजी संपली हे कोणत्या शब्दांत सांगितले म्हणजे माणूस चिडत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागलेले नाही. मुलाखतीत हमखास विचारतात, 'चिडलेल्या ग्राहकाला तुम्ही कधी हाताळले आहे का?' या प्रश्नाचे तिच्याइतके भरघोस उत्तर शहरातल्या किती मुलींकडे असेल? पण क्लासने तिला बजावले होते, की खानावळीचा उल्लेख करायचा नाही. वडील 'बिझनेस' करतात म्हणायचे.

अनुभवाशी इमान राखणे ही आपण समीक्षेत मिरवतो ती कसोटी. ती इथे लावून पाहा. निवेदक कोण, तो काय सांगतो, काय दडवतो, कोणासाठी दडवतो, हे प्रश्न आपण आत्मचरित्रांना विचारतो. ते या पानाला विचारायला कोणाची ना आहे? आम्ही दोन तास त्या मुलीबरोबर बसलो. पान बाजूला ठेवले आणि खानावळीतला एक प्रसंग तिच्याकडून आधी मराठीत सांगून घेतला. कुठून सुरू करायचा, काय गाळायचे, कुठे थांबायचे एवढेच पाहिले, आणि मग तिने तो स्वतः साध्या इंग्रजीत आणला. पहिल्या खेपेला ती पाठ केलेल्या पानासह पहिल्याच फेरीत बाद झाली होती. दुसऱ्या खेपेला शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि तिथे अडली. कारण कळवत नाहीत. आपल्या शिकवण्याने नोकऱ्या मिळतात असा आमचा दावा नाही. त्या पानाने ती स्वतःला सांगण्यापासून वंचित राहत होती, एवढाच आहे.

क्लासच्या परिभाषेतला सर्वांत संतापजनक शब्द म्हणजे 'एमटीआय', मदर टंग इन्फ्लुअन्स. कॉल सेंटरांच्या काळापासून रुळलेला हा शब्द आता रोगाच्या नावासारखा वापरतात. 'तुला एमटीआय खूप आहे' असे मुलीला सांगतात आणि ती मान खाली घालते. इंग्रजी उच्चार स्पष्ट हवेत याविषयी वाद नाही. इंजिनाच्या घरघरीत सूचना ऐकू जायला हव्यात. पण ते शिकण्यासाठी मातृभाषेची लाज कशाला वाटावी? मराठी माणूस 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन च, 'माझा' आणि 'माझी' यांतले दोन झ न शिकता वेगळे उच्चारतो. जीभ कुठे टेकते याचे भान त्याला एका तासात देता येते, आणि त्या भानावरूनच 'झेड' आणि 'जे' यांतला फरक दाखवता येतो. 'व्हेज'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वॉटर'ला ओठांचा नुसता गोल होतो. दंत्योष्ठ्य आणि द्व्योष्ठ्य. भाषाविज्ञानाच्या पेपरात या संज्ञा पाच गुणांच्या टीपेपुरत्या लिहून घेतल्या जातात. जी विद्या आपण टीपांत पुरली, तीच विद्या वाकडीतिकडी करून क्लास दामदुपटीने विकतो, आणि वर आपल्या भाषेला प्रादुर्भाव ठरवतो. भाषेच्या अस्मितेवर तावातावाने लिहिणाऱ्या देशीवादी मित्रांनी या शब्दावर एक ओळ लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

विभाग म्हणजे नोकरी लावून देणारे दुकान नव्हे, असा प्रतिवाद होईल. मान्य. पण दुकान नको म्हणून वर्गही नको, असे थोडेच आहे? या व्यवसायात स्त्रीच्या देहाची बाजारपेठ आहे, असेही म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते वर्गात वाचले पाहिजे. एअर इंडियाच्या नियमांनुसार पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या ४ वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा एअर होस्टेसची नोकरी संपत असे. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली, पण लग्नाची अट मात्र वैध ठरवली. स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला हे निकालपत्र वाचायला दिले, तर मुलाखतीला निघालेली मुलगी आपण कोणत्या दारातून आत शिरतो आहोत हे जाणून निघेल. स्मित करून तिला ते कळणार नाही.

एक प्रयोग मात्र सर्वांनी करून पाहावा असा आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. अशा मार्गांवर पहिल्यांदाच विमानात बसणारी आणि मराठीखेरीज काही न समजणारी माणसे असणारच. आम्ही व्यावहारिक मराठीच्या वर्गात शासकीय परिपत्रकाच्या भाषांतराऐवजी आणीबाणीतली आज्ञा दिली: विमान आदळण्यापूर्वी प्रवाशांनी डोके खाली घालावे, यासाठी ओरडून काय सांगाल? पहिले उत्तर आले, 'कृपया आपले मस्तक अवनत करावे.' वर्ग हसला. दुसऱ्याने 'मुंडकं खाली घाल' सुचवले. तेव्हा कोणी म्हणाले, की आजोबांच्या वयाच्या माणसाला एकेरी कसे ओरडायचे? आदरार्थी रूपाने 'घाला' होते, एक मात्रा वाढते. ती परवडते का? 'वाका' पुरेल, पण बसलेला माणूस वाकतो म्हणजे नेमका किती वाकतो? पाऊण तास हाच वाद चालला. शेवटी 'डोकं खाली' ठरले. क्रियापदच गेल्यामुळे एकेरी-आदरार्थीचा तंटा मिटला. मग बाहेर पडतानाची आज्ञा निघाली. 'सामान टाका' म्हटले तर एखादा ते वरच्या कप्प्यात टाकू पाहील, म्हणून 'सामान सोडा' हवे, असे खानावळवालीचे म्हणणे होते. त्यावर पुढच्या तासाला बोलायचे ठरले आहे.